पोकळ खोड मिस्त्रीचं

विठ्ठलरावनं ती ओळ वाचली तेव्हा माह्या अंगठ्याले शाई लावून झाली होती. फक्त कागदावर टेकवाचं बाकी होतं. कचेरीच्या भिंतीले लागून त्याची काळी छत्री उभी, वाऱ्यानं उडू नये म्हणून दांड्याले सुतळीनं वीट बांधलेली. त्या छत्रीच्या सावलीत जेवढं मावते तेवढे आम्ही: विठ्ठलराव अर्जनवीस पुरा, मी अर्धा, आन माह्या मागं नंबर लावून बसलेला मारेगावकडचा मारोती नावाचा शेतकरी पुरा उन्हात. दसरा होऊन गेलता, पण ऊन असं की डोक्यावरचा रुमाल काढाची हिंमत होत नव्हती. विठ्ठलरावनं खाकरून गळा साफ केला, चष्मा नाकावर चढवला आन मोठ्यानं वाचाले लागला, "शिफारस करण्यात येते की, सदर अर्जदार जलाल वल्द करीम, राहणार यवतमाळ, हा अत्यंत इमानदार इसम असून, सन एकोणीसशे साठ साली माझे राहते घरासमोरील निंबाचे झाड आतून पोकळ असल्याचे याने केवळ कुऱ्हाडीच्या ठोक्यावरून ओळखिले, व वेळीच उतरवून आम्हां उभयतांचे प्राण वाचविले." वाचून झाल्यावर त्यानं चष्म्यावरून माह्याकडं पाह्यलं. "कसं वाटते मिस्त्री? साहेबानं एवढं वाचलं की पुढचं पाहाची गरज पडणार नाही." मागून मारोती म्हणे, "बाप्पा! ठोक्यावरून? माह्या आंगणात एक चिंच हाय भाऊ, एकदा येऊन पाहा ना." आन माहा हात तिथंच, कागदाच्या वर, लोंबकळून राह्यला. खाली येईना.

लाज वाटली. दुसरा शब्द नाही त्याले. पन्नाशी गाठलेला माणूस मी, दाढी पिकली, जुम्म्याले पहिल्या रांगेत उभा राहतो, आन भर दुपारी कचेरीच्या भिंतीखाली कानाच्या पाळ्या तापल्या. ऊन म्हणावं तं पाठ थंडी पडली होती.

हे काम मले पाह्यजे होतं, खोटं कायले बोलू. गावात विजेचे खांब येऊन राह्यले होते, आता घाटंजीच्या सडकेनं तारा ओढणार होते, आन सडकेच्या दोन्ही बाजूची झाडं त्या तारांच्या आड येत होती. हापीसवाले म्हणत की वरसभराचं काम एकाच माणसाले देऊ. आजपर्यंत आमचा धंदा तोंडावर चालला. कोणी हाक मारली, "मिस्त्री, फांदी कवेलूवर आली," की मी दोर खांद्यावर टाकून जात होतो. कधी हाकही नसते, आपणच दारोदार पाहत फिराचं, वर माना करून, आन बायकाइले वाटते हा लफंगा घरात डोकावून राह्यला. मंग घासाघीस. "दोन तासाचं तं काम हाय, लाकूड तू घे आन मजुरी सोड." दोन तासाचं! फांदी पाडणं सोपं असते हो, उतरवणं कठीण. आधी वर चढून दोर दुसऱ्या बेचक्यातून घ्याचा, फांदीले बांधाचा, खाली भरवशाचा माणूस उभा कराचा. मंग फांदीले खालून एक चिरा द्याचा, नाहीतं पडतापडता ती बुडापर्यंत साल ओरबाडून नेते. तेव्हा कुठं वरून कुऱ्हाड. एवढं करून एक कवेलू फुटला की मालक असा भांडते जसं पुरं छप्पर उचलून नेलं. गुडघे आता बोलाले लागले. सडकेचं काम मिळालं असतं तं मान वर करून फिराची गरज नव्हती. आन साहेब म्हणे, तोंडी काही नको, अर्ज आण, आन गावातल्या एका भल्या माणसाची शिफारस आण.

मी विठ्ठलरावकडं येणार नव्हतो. अल्ला जाणते, दोन वरसं मी या भिंतीच्या बाजूनं पाय टाकला नाही. कचेरीकडून जाचं असलं तं बाजारातून वळसा घेत होतो. घरी माही बायको जैबुनबी विचारे, "इतना घूम के काहून येता जी?" तं मी म्हणे, तिकडं चिखल हाय. उन्हाळ्यातही चिखल. आजही मी दुसऱ्या अर्जनवीसाकडं चाललो होतो, भिंतीच्या पार तिकडच्या टोकाले बसते त्याच्याकडं. पण विठ्ठलरावनं पाह्यलं. "ओ मिस्त्री! आमचे लोक असून दुसऱ्याजवळून कायले लिहून घेता?" म्हणे. आन पैशाचं नाव काढलं तं त्यानं कानावर हात ठेवले, वरून म्हणे, अर्जाखाली शिफारसही मीच देतो. लिहतालिहता घरच्या गोष्टी सांगाले लागला. भागीरथाचे पाय दुखते. छत्रीचा कपडा दोनदा बदलला. आन सांगे, "तो निंब बरं का, मोठा चिवट. दरवर्षी पाण्यापावसात बुडातून कोंब फुटतेच. पण भागीरथा एक ठेवत नाही. तुमी म्हटलं होतं ना मुळं सडली, वाढलं तं पुन्हा घरावर येईन. सकाळी उठली की पहिले कोंब मोडते, मंग चहा." मी मान हलवली. तेव्हाच उठून गेलो असतो तं बरं झालं असतं. पण मी बसून राह्यलो आन तो लिहत राह्यला, आन मले वाचता येत नाही म्हणून काय लिहून राह्यला ते मले कळलं नाही.

माह्या बापानं मले ठोका शिकवला. आमच्याइकडं झाड उतरवणारे लय होते, पण ठोका फक्त बापाचा. कुऱ्हाडीच्या पाठीनं झाड ठोकाचं, बुडापासून माणसाच्या उंचीपर्यंत, चारही बाजूनं. सारे लोक कान लावते. बाप म्हणे, कान फसवते, बाजूनं गाडी गेली की फसवते, तुह्या मनात काही असलं तं आणखीनच फसवते. एका हातानं ठोक आन दुसऱ्या हाताचा तळवा खोडाच्या पलीकडून लाव. भरीव झाडाचा ठोका तळव्यात येऊन लागते. पोकळ झाडाचा येतच नाही, मधातच बसते. तीस वरसं मी तळव्यानं झाडं पाह्यली. कोणाचं झाड ठेवा म्हणलो तं ठेवलं, काढा म्हणलो तं काढलं, आन यवतमाळात कोणी उलटून बोललं नाही.

आन आमच्या धंद्याची एक रीत. झाड भरीव असन तं खोड मालकाचं, मिस्त्रीले फांद्या आन मजुरी. झाड पोकळ असन तं खोडही मिस्त्रीचं, कारण सडकं लाकूड दारात कोणाले नको असते. भांडण नाही, कटकट नाही, बापाच्या वेळेपासून चालत आलं. पण झाड भरीव का पोकळ हे ठरवणारा कोण? तोही मिस्त्रीच. या रीतीत किती मोठं भोक हाय, हे माह्या बापाले दिसलं नसन असं मले वाटत नाही. त्याले दिसलं असन आन तो त्या भोकाच्या बाजूनं चालत गेला असन, रोज, मरेपर्यंत. मी एक दिवस आत पाय टाकला.

महाराष्ट्र झाला ते साल. पाडवा होऊन गेलता आन अनवरीचा, माह्या एकुलत्या एका पोरीचा, निकाह घाटंजीच्या घरात ठरला होता. त्या लोकाइनं काही मागितलं नाही, हेही सांगितलं पाह्यजे. फक्त तिच्या होणाऱ्या सासूनं बोलताबोलता म्हटलं, आमच्या घरी पलंग निंबाचाच असते, ढेकूण लागत नाही. बस, एवढंच. बाई बोलून गेली आन माह्या डोक्यात पलंग घुसला. त्याच आठवड्यात विठ्ठलरावनं बोलावलं. त्याच्या घरासमोरचा निंब म्हणजे दोघाइच्या कवेत न येणारा. त्याच्याखाली त्याची चटई, लाकडी पेटी, दौत. खेड्यातले लोक बैल तिथंच बांधत, अर्ज लिहून घेत, भाकर खात, झोपतही. भागीरथाबाई माठ भरून ठेवत होती आन कोणाची जात विचारत नव्हती, मलेही तिनं त्याच लोट्यानं पाणी दिलं. काम एवढंच होतं की एक फांदी कवेलूवर घासत होती, ती काढाची.

फांदी काढाले ठोका लागत नाही. पण लोकाइले ठोका पाहाले आवडते, म्हणून मी सवयीनं ठोकला. छातीच्या उंचीवर एक जुनी गाठ होती, कधीतरी कोणी फांदी वाईट तोडली असन, तिथं पाणी मुरून हातभर लाकूड गेलं होतं. तिथं ठोका भद्द वाजला. विठ्ठलराव म्हणे, "हे काय?" मी दुसऱ्यांदा तिथंच ठोकलं. तिसऱ्यांदा तिथंच. बाकी तीन बाजूनं मी ठोकलं ते हळू, दाखवाले. डावा तळवा पलीकडून लावलेला होता आन प्रत्येक ठोका सरळ येऊन तळव्यात लागून राह्यला होता. मले माहीत होतं. मी चुकलो असतो, बहिरा झालो असतो, घाईत असतो तं आज मले झोप येत असती. मले पक्कं माहीत होतं, आन मी त्या खोडाची रुंदी डोळ्यानं मोजत होतो. मी म्हणलो, "भाऊ, फांदीचं सोडा. झाडच गेलं."

विठ्ठलरावनं वर पाह्यलं. पुरा फुलावर होता निंब, त्याच्या खांद्यावर, पेटीवर, कागदावर बारीक पांढरी फुलं पडली होती. "गेलं म्हणजे?"

"आतून. एखाद्या वावटळीत घरावर येईन."

भागीरथाबाई दारातून म्हणे, "मुळं तं चांगली असन ना, जलालभाऊ?" तिनं विचारलं नसतं तं मी मुळाचं नाव घेतलं नसतं. पण एकदा सुरू झालं की थांबाले जागा राहत नाही. "मुळंही सडली," मी म्हणलो. विठ्ठलरावनं खांद्यावरची फुलं झटकली आन म्हणे, "तुमी म्हणता म्हणजे हायच." त्याची ती सवयच होती, माह्या कोणत्याही गोष्टीवर तो हेच म्हणत होता. त्या दिवशीही तेच म्हणला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आन धावजी आरा घेऊन गेलो. धावजी फुलसावंगीकडच्या तांड्यावरचा, वीस वरसं माह्या दोराचं खालचं टोक त्याच्या हातात राह्यलं, मी वर आन तो खाली, माहा जीव त्याच्या मुठीत. आम्ही गेलो तं भागीरथाबाईनं झाडाले हळदकुंकू वाहलं होतं. आदल्या संध्याकाळी तिनं पाखराइले सांगितलं होतं म्हणे, बाबाहो, उद्या दुसरीकडं जा. मंग तिनं माह्या कुऱ्हाडीलेही कुंकू लावलं, आन मले हात जोडले. मले! "संभाळून करजा भाऊ," म्हणे. मी त्या दोघाइले शेजारच्या ओसरीवर पाठवलं, सांगितलं की पोकळ झाड कुठं पडन याचा नेम नसते. फांद्या उतरवल्या. मंग बुडाले आरा लावला. निंबाचं भरीव लाकूड चिरताना भुसा लालसर पडते, ओलसर, वास नाकात बसते. सडकं असलं तं भुसा नाही, माती पडते. धावजीच्या पायावर लाल भुसा जमत गेला. त्यानं खाली पाह्यलं. मंग आरा थांबला.

"मिस्त्री, यो तं भरीव हाय."

"वर पोकळ हाय," मी म्हणलो. "ओढ."

त्यानं ओढला. त्यानंतर त्यानं त्या झाडाचं कधी नाव काढलं नाही. पण त्याच्या आधी कोणत्याही कामावर तो मले पहिले विचारत होता, "ठोकलं का मिस्त्री?" ते त्यानं विचारणं बंद केलं. आजही विचारत नाही. मी ठोकतो आन तो दुसरीकडं पाहते.

झाड पडल्यावर ते दोघं ओसरीवरून उतरून येईपर्यंत मी बुडावर डांबर ओतलं. कापलेल्या जागेवर डांबर लावतेच लोक, त्यात नवल नाही. मी जाड लावलं, वरून माती दाबली. म्हणलो, वाळवी घरात शिरू नये म्हणून. खोड गाडीत चढवलं, दोन्ही टोकाइवर पोते टाकले. विठ्ठलरावनं मले बशीत चहा दिला. त्याच्या आंगणात तेव्हा पहिल्यांदा ऊन पडलं होतं आन तो डोळे बारीक करून इकडंतिकडं पाहून राह्यला होता, जसं दुसऱ्याच्या घरी आलाय. तो चहा मी पुरा प्यालो. याचीही आता लाज वाटते, की चहा गोड लागला होता.

शकील सुतारानं खोड चिरलं तेव्हा म्हणे, निंबाची एवढी रुंद फळी मी जिंदगीत पाह्यली नाही. पलंगाच्या डोक्याकडची पाटी त्यानं एकाच फळीची केली, जोड नाही, सांधा नाही. ज्याले लाकूड कळते त्यानं ती पाटी पाह्यली की सारं कळावं. निकाहाले विठ्ठलराव आला, टोपी घालून, हातात नारळ. नारळ पलंगावर ठेवून त्यानं त्या पाटीवर हात फिरवला. "कुठला निंब, मिस्त्री?" मी म्हणलो, फुलसावंगीचा. त्यानं आणखी एकदा हात फिरवला आन म्हणे, पोरगी नशीबवान हाय. त्याले कागद कळते, लाकूड कळत नाही. मी घाटंजीले अनवरीकडं जातो तं बाहेरच्या खाटेवर झोपतो. आत पलंगावर बसा म्हणते पोरगी, मी म्हणतो मले हवा पाह्यजे.

आन विठ्ठलरावच्या घराचं तोंड उगवतीकडं. निंब गेल्यावर सकाळपासूनच ओसरी तापाले लागली. दोन उन्हाळे त्यानं काढले म्हणते, पोत्याचा पडदा लावून. पण खेड्यातला माणूस सावली पाहून बसते, बैलाले सावली पाह्यजे, म्हाताऱ्याले पाह्यजे. लोक कमी झाले, मंग आलेच नाही. तेव्हा त्यानं पेटी उचलली, छत्री घेतली, आन घरचा माणूस कचेरीच्या भिंतीले येऊन बसला, जिथं चपराशी आला की उठा लागते. हे मी दुरून पाहत होतो. पहिल्यांदा छत्री पाह्यली तेव्हा वाटलं, असन दुसरं कोणी. मंग वळसा सुरू झाला.

"मिस्त्री," विठ्ठलराव म्हणे, "टेकवा ना. शाई वाळून राह्यली." खरंच वाळली होती. त्यानं हसून माहा अंगठा आपल्या हातात घेतला, पुन्हा गादीवर दाबला. त्याची बोटं नरम होती, नखाइत शाई. लहान पोराले गिरवाले शिकवावं तसा त्यानं माहा हात कागदाकडं नेला. मनात आलं, कर ना बाबा. कोणाचं काय जाते? झाड तं गेलंच. साहेब खुश, विठ्ठलराव खुश, धावजीच्या घरात चूल पेटन वरसभर. आन त्याच वेळी दिसलं की हा माणूस आपल्या हातानं लिहलेली ओळ किती प्रेमानं पाहून राह्यला. मी हात मागं खेचला. अंगठा कागदाच्या कोपऱ्याले घासला, काळा पट्टा उमटला.

"ती ओळ काढून टाका, भाऊ."

"कोणती?"

"इमानदारवाली. निंबाची."

विठ्ठलराव हसला. "घ्या! सोताची तारीफ ऐकाले लाजता काय?" मारोती मागून म्हणे, "भल्या माणसाचं असंच असते." दोघंही हसले. मी त्या हसण्याच्या आड लपू शकत होतो, अजूनही. मी म्हणलो, "खरं नाही ते. झाड भरीव होतं."

विठ्ठलरावनं चष्मा काढला, धोतराच्या टोकानं पुसला, पुन्हा घातला. मंग त्यानं जे म्हटलं ते माह्या ध्यानात कायमचं राहीन. तो म्हणला, "जरासं तं पोकळ असन ना कुठंतरी? असं असते कधीकधी. माणसाले धोका होते." तो मले वाट काढून देत होता. मी लुटलेला माणूस मलेच पदर देत होता, आन त्या पदरात सत्यही होतं, हातभर.

"एका गाठीत, हातभर," मी म्हणलो. "बाकी पुरं भरीव. मले तेव्हाच माहीत होतं."

"तेव्हाच?"

"हाव."

"मंग काहून?"

"पलंगासाठी."

त्याचा हात पेटीच्या झाकणावर होता. तो तसाच एकदा पुढं सरकला, मागं आला, जसा निकाहाच्या दिवशी त्या पाटीवरून फिरला होता. त्याले आठवलं हे मले दिसलं. मारोती उठला, "मी मंग येतो साहेब," म्हणे, आन माह्याकडं न पाहता निघून गेला. चिंचेचं काही बोलला नाही. विठ्ठलराव ओरडला असता तं बरं झालं असतं. शिव्या दिल्या असत्या, चार लोक जमवले असते. त्यानं टाक दौतीत बुडवला आन त्या ओळीवर रेघ मारली, मंग खालच्या ओळीवर, मंग पुऱ्या शिफारशीवर, एकएक, सरळ, घाई न करता. कागद घडी करून माह्या गुडघ्यावर ठेवला. मंग विटेची सुतळी सोडली आन छत्री मिटली. ऊन दोघाइच्याही डोक्यावर आलं.

"चला," तो म्हणला.

"कुठं?"

"घरी. भागीरथाले सांगाचं हाय."

"तुमी सांगा भाऊ. माह्यानं होणार नाही."

"मी काहून सांगू? मी लोकाइचं लिहून देतो. सांगाचं ज्याचं त्यानं." आन पेटी काखेत मारून तो चालाले लागला. मले वाटलं होतं एकदा बोललो की सुटलो. कचेरीपासून त्याच्या घरापर्यंत फार दूर नाही, पण मी त्याच्या चार पावलं मागं चाललो, आन बाजारातले लोक मले सलाम करून राह्यले होते, "काय मिस्त्री, कुठं काम?" म्हणून.

तीन वरसांनी मी ते आंगण पाह्यलं. बूड तिथंच होतं, डांबर उन्हानं तडकलं होतं, आजूबाजूनं शेणानं सारवलेलं. भागीरथाबाई ओसरीच्या कोपऱ्यात सूप घेऊन बसली होती, सुपात कोवळा निंबाचा पाला. तिनं मले पाह्यलं आन तिचं तोंड फुललं. "अगंबाई, जलालभाऊ! किती दिवसांनी. अनवरी कशी हाय?" पोतं टाकलं, लोट्यात पाणी आणलं. तोच लोटा. मी पाणी हातात धरून उभा राह्यलो. विठ्ठलरावनं पेटी खाली ठेवली आन भिंतीकडं तोंड करून म्हणला, "मिस्त्रीले काही सांगाचं हाय."

मी पायातल्या चपला काढल्या आन पहिल्यापासून सांगितलं. गाठ, तळवा, पलंग, डांबर. कचेरीजवळ दोन शब्दात झालं होतं, इथं झालं नाही, कारण ती मधातमधात विचारत होती. कोणता पलंग? ज्यावर यायनं नारळ ठेवला तो? म्हणजे धावजीलेही माहीत होतं? प्रत्येकाले हाव म्हणा लागलं. मंग तिनं ते विचारलं ज्याची मले वाट होती. "आन मुळं?"

"चांगली हाय, बाई. चांगलीच होती."

तिनं सुपाकडं पाह्यलं. मंग आपल्या बोटाइकडं पाह्यलं, बोटं हिरवी झाली होती. "चार पावसाळे," ती हळू बोलली, मले नाही, सोताले. "चार पावसाळे मी माह्या हातानं मोडून राह्यली. मोडताना डोळ्याले पाणी येत होतं तरी मोडले. मी ना." मी म्हणलो, "तुमचा काय दोष, बाई, माह्यामुळं," पण तिले ते ऐकाचं नव्हतं. ती उठली, बुडाजवळ बसली आन सालीवरून, फटीतून बोटं फिरवाले लागली. "पाहा ना जलालभाऊ, तुमाले कळते. एखादा राह्यला का? आजच सकाळी मोडले मी. एखादा राह्यला असन."

मी गुडघे टेकले. दुखते ते टेकताना. शाई लागलेल्या अंगठ्यानं मी डांबराच्या काठाकाठानं सालीत पाहत गेलो, घराच्या बाजूनं, मंग नालीच्या बाजूनं, पुरा एक फेरा. जागोजागी मोडलेल्या कोंबाच्या गाठी हाताले लागत होत्या, काही जुन्या, सुकलेल्या, काही ओल्या. एक कोंब नव्हता. माह्या शब्दावर तिनं एकही ठेवला नव्हता. शेवटी मी मुठीनं बुडाले ठोकलं आन डावा तळवा पलीकडून लावला, आन ठोका तळव्यात येऊन लागला, तीन वरसांपूर्वी लागला तसाच.

"येईन," मी म्हणलो. "पुढच्या पाण्यात पुन्हा फुटन. फक्त मोडू नका. मोठं झाड होईन."

हे खरं होतं. त्या आंगणात त्या झाडाबद्दल मी पहिल्यांदा खरं बोललो होतो. भागीरथाबाई सूप मांडीवर घेऊन बसली होती. विठ्ठलराव ओसरीच्या टोकावर उन्हात उभा होता, मिटलेली छत्री हातात. मी त्याच्याकडं पाह्यलं आन वाट पाह्यली. तुमी म्हणता म्हणजे हायच, असं कोणी म्हटलं नाही.